परत आलेले दाणे

तुझी नोकरी काय, असं कुणी विचारलं की मी सांगायची, "अंधारात बसून शेंगदाणे बघते." लोक हसायचे. मीही हसू द्यायची, कारण खरं सांगत बसले असते तर चहाबरोबर पुढे आलेल्या चिवड्याला कुणी हात लावला नसता.

फरीदाबादला कारखान्यांच्या वस्तीत, नटबोल्ट बनवणाऱ्या एका शेडच्या मागे, आमची खासगी प्रयोगशाळा होती. देशानं नुकतीच दारं उघडली होती आणि जो उठेल तो निर्यातीची भाषा बोलत होता. काल लोखंडाचा व्यापार करणारा माणूस आज शेंगदाणे परदेशी पाठवत होता. राजस्थानातला दाणा जहाजावर चढण्याआधी त्याचा नमुना आमच्याकडे यायचा. आम्ही 'ठीक' म्हटलं की माल सुटायचा.

दाण्यावर एक बुरशी येते. दिसली तर कुणीही तो दाणा फेकून देतो. पण बुरशी वाळून, झडून गेली तरी तिचं विष आत राहू शकतं. त्याला वास नाही, चव नाही. भाजून, तळून ते पुरतं जात नाही. पोटात गेलं की यकृतावर जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं वाट बघतं. ते शोधायचं तर नमुना दळायचा, त्याचा अर्क काढायचा, अर्काचे थेंब काचपट्टीवर द्यायचे आणि ती पट्टी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायची. विष असेल तर काळोखात निळे ठिपके उजळतात, कपाटाखाली दडलेल्या मांजरीच्या डोळ्यांसारखे. पहिल्यांदा ते बघितले तेव्हा मला वाटलं, मी त्यांच्याकडे बघत नाहीये, तेच माझ्याकडे बघताहेत. एम.एस्सी. झालेल्या बाईनं असं बोलू नये, पण वाटलं ते वाटलं.

राहायला आम्ही दिल्लीतल्या द्वारकेला होतो. नवऱ्याच्या सरकारी खात्यातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती, त्यात आमचं तिसऱ्या मजल्यावर घर. तेव्हा द्वारका गावही नव्हतं आणि शहरही नव्हतं. नुसत्या उभ्या इमारती, मधे रानगवत आणि डोक्यावरून इतकी खाली उतरणारी विमानं की चाकं मोजता यावीत. लिफ्टच्या जागी भोक होतं. पाणी टँकरचं. लोकांनी घरं घेऊन कुलपं लावून ठेवली होती, भाव वाढायची वाट बघत. संध्याकाळी आमच्या सात मजली इमारतीत चारच घरांत दिवे लागायचे. बाकीच्या खिडक्या बघायचं मी टाळायची.

त्या हिवाळ्यात सासूबाई नागपूरहून आमच्याकडे आल्या, मोठ्या काविळीतून उठून. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यकृत दुखावलंय, आता जपायचं. पुन्हा धक्का बसला तर आमच्या हातात फारसं काही नाही. तेव्हापासून घरात तळण बंद झालं आणि माझी नजर त्यांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर राहू लागली, पिवळा होतोय का बघत. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. ह्या बाईशी माझं रोज भांडण व्हायचं आणि रोज तिच्यावर जीवही होता. तिला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच मी त्या वर्षी धरून बसले होते.

तळण सुटलं, पण दाण्याचं कूट काही सुटलं नाही. वांग्यात कूट, काकडीत कूट, पातळ भाजीत कूट. दिल्लीवाले मूंगफली शेकोटीशी बसून सोलून खातात, ती भाजीत घालतात हे ऐकून आमच्या पंजाबी शेजारणीनं कपाळाला हात लावला होता. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नागपूरहून लोखंडी खलबत्ता आणला होता. मिक्सरचं कूट म्हणजे पिठूळ चिखल, असं त्यांचं मत. सकाळी त्या कुटायला बसल्या की ठण ठण आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये जायचा. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातून सरळ खाली गेलेला चौकोनी काळोख, नुसते पाइप आणि कबुतरं. तिथून तो आवाज दुप्पट होऊन परत यायचा, जणू खाली कुणी दुसरी बाई आईंच्या ठोक्याला ठोका देत बसली आहे.

एकदा मला त्या डक्टमधून मूल रडल्याचा आवाज आला. आमच्या खालचं घर बंद होतं, बाहेरून भलंमोठं कुलूप. मी खाली जाऊन चौकीदाराला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहाँ कोई नहीं रहता मैडम. हवा होगी."

हवा 'अम्मा' म्हणत नाही. पण मी वर आले आणि खिडकी लावून घेतली.

त्याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेच्या मालकांनी मला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात निर्यातीच्या बैठकीला नेलं. जगाच्या बाजारात आपला दाणा टिकणार कसा, हा विषय. चीनचा दाणा स्वस्त पडतो, अर्जेंटिनाचा एकसारखा असतो, आपला चवीला उजवा, पण चवीला विचारतो कोण? बंदरावर माल अडकतो, भाडं जास्त, आणि युरोपवाल्यांचे नियम तर दर वर्षी आणखी कडक. प्रत्येक वक्ता उठून देशाची इज्जत दाण्याएवढी करत होता. टेबलांवर मसाला शेंगदाण्यांच्या वाट्या होत्या. मी सोडून सगळे खात होते.

मधल्या सुट्टीत एक निर्यातदार मालकांवर चालून आला. गुबगुबीत, हसरा माणूस, बोटांत अंगठ्या. त्याचा माल आम्ही 'ठीक' म्हटला होता आणि तिकडच्या बंदरावर तोच माल नापास झाला होता. "एक ही बोरी, आपके यहाँ पास, उनके यहाँ फेल. ये कैसी साइन्स है?"

मी त्याला समजावलं. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत एखाद्यातच असतं, पण त्या एकात पुरून उरेल एवढं. खिचडीतल्या खड्यासारखं आहे. आमच्या घासात आला नाही, त्यांच्या घासात आला. दोघंही खोटं बोलत नाहीत.

बोलता बोलता मलाच कळलं. मी रोज ज्यावर 'ठीक' म्हणून सही करत होते, त्याचा अर्थ एवढाच होता की माझ्या मुठीत खडा आला नाही.

"मग तो माल आता कुठे आहे?" मी विचारलं.

"वापस आ गया."

"आणि त्याचं काय करणार?"

तो मोकळेपणानं हसला. "अरे मैडम, वो नहीं खाएँगे तो क्या हुआ? अपना देश बहुत बड़ा है."

आजूबाजूचे सगळे हसले. एकानं वाटी माझ्यापुढे सरकवली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी घरी आले तर आई खुशीत होत्या. आमच्या सेक्टरच्या बाजारात नवं किराणा दुकान उघडलं होतं, तिथून त्यांनी पिशवीभर दाणे आणले होते. "बघ तरी! निवडायची गरज नाही. एकसारखा एक, टपोरा. असा दाणा मी जन्मात पाहिला नाही."

मी रोज पाहत होते. एकसारखा, टपोरा, हातानं निवडलेला तो दाणा आपल्या वाणसामानाच्या दुकानात कधी येत नाही. तो जहाजात जातो. मी पिशवी घेतली आणि तशीच दुकानात गेले. कोपऱ्यात पोतं उभं होतं. त्यावर इंग्रजी अक्षरं छापलेली होती आणि त्यांच्यावरून कुणीतरी डांबराचा फराटा मारला होता. फराट्याखालून परदेशी बंदराचं नाव अर्धवट वाचता येत होतं. माझा हसरा माणूस असेल किंवा दुसरा कुणी, मला ठाऊक नाही. दुकानदार म्हणाला, "एक्सपोर्ट क्वालिटी है मैडम, पूरी सोसाइटी ले जा रही है."

आईंच्या पिशवीतले निम्मे दाणे मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेले. दळले. दळलेला नमुना आणि आईंचं कूट ह्यात नजरेला काही फरक नसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. अर्क काढला, पट्टी केली, दार लावलं, दिवा लावला.

निळे ठिपके लगेच आले. वाट बघायला लावलीच नाही.

घरी आल्यावर मी आधी आईंचे डोळे बघितले आणि मग बोलले. ते दाणे खाऊ नका, उरलेले टाकून द्या, कूट केलं असेल तर तेही. आईंचा चेहरा उतरला. अजून कुटले नव्हते, म्हणाल्या. "पण टाकू? दाणे? एवढे सोन्यासारखे?"

"हो, टाका. त्यात विष आहे."

"तुझ्या त्या दिव्याला दिसतं तेवढं खरं, आणि माझ्या डोळ्यांना, जिभेला काहीच कळत नाही का?"

मी चिडले. सगळं शिक्षण बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दाण्यांचा डबा घासूनपुसून पालथा घातलेला दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग तो वास सुरू झाला. संध्याकाळी ऑफिसातून आले की जिन्यात भाजलेल्या दाण्यांचा खरपूस वास. पहिल्या मजल्यावर नाही, आमच्या मजल्यावर नाही. फक्त दुसऱ्या मजल्यावर, त्या कुलूप लावलेल्या दारापाशी. मी थांबून हुंगायची. बाहेर धुकं, जिन्यातला बल्ब मेलेला, आणि बंद घर दाणे भाजतंय. घरात येऊन आईंना विचारलं, "तुम्हाला वास येतो का?"

"कसला?"

"दाणे भाजल्याचा."

"नाही बाई," आई म्हणाल्या आणि पोळीकडे वळल्या. "दिवसभर तेच तुझ्या नाकात. थोडी सुट्टी घे."

मलाही तसंच वाटू लागलं होतं. अंधारात फार बसल्यानं माणसाचं होतं तसं काहीतरी माझं होतंय. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "यार, तू शेंगदाण्यांशी लग्न केलंयस." त्याला काही सांगण्यात अर्थ नव्हता.

इकडे आईंचं जेवण कमी झालं. कुटाशिवाय भाजी म्हणजे पथ्याचं अन्न, म्हणत. मी दुसरीकडून दाणे आणून, तपासून देते म्हटलं तरी नाक मुरडत. शेवटी एका सकाळी त्या म्हणाल्या, "आपल्या धम्मात काय सांगितलंय? कुणी मोठं सांगतंय म्हणून मानू नका, स्वतः पारखा. मला तुझा दिवा दाखव. बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

त्या शिकवणीवर तर आमचं घर उभं होतं. मालकांची परवानगी काढली आणि एका शनिवारी दोन चार्टर्ड बस बदलून सासूला फरीदाबादला नेलं. आई विहारात जायची पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या होत्या, निळीत घातलेली, टीव्हीवर दाखवतात त्या नव्या पावडरनं धुतलेली. माझी नोकरी म्हणजे त्यांना मोठी गोष्ट वाटायची.

त्या दुकानातल्या दाण्यांची पट्टी मी पुन्हा करून ठेवली होती. दार लावलं. दिवसाढवळ्या त्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही. मी जांभळा दिवा लावला, पट्टी खाली धरली आणि "बघा आई" म्हणून मागे वळले.

आई नव्हत्या. साडी होती.

नुसती साडी काळोखात उभी होती, निळसर पांढरी, पेटल्यासारखी. तिच्यावर चेहरा नव्हता, पदराखाली खांदे नव्हते. धुण्याच्या पावडरीत असतं काहीतरी, जे त्या दिव्याखाली चमकतं; मला हे माहीत होतं. तरी मी एक पाऊल मागे सरले. मग साडीच्या वर, जिथे तोंड असायला हवं तिथे, फिकट दात उमटले आणि म्हणाले, "काय गं, घाबरलीस?"

आणि पदराच्या काठावर मला बोटं दिसली. हिरवट पिवळी, टोकांशी उजळलेली.

मी किंचाळलेच. "हात! हात दाखवा तुमचे! काय खाल्लंत? काय कुटलंत?"

"अगं हळद आहे. सकाळी भाजी टाकली ना तुझ्या डब्याला."

हळदच होती. हळदही चमकते. मी भिंतीला टेकून श्वास घेतला. साडी माझ्याजवळ आली, त्या पिवळ्या बोटांनी माझा गाल चाचपला.

"साडी चमकते, हळद चमकते, विषही चमकतं," आई म्हणाल्या. "मग त्यातलं विष कोणतं, कसं ओळखायचं?"

"ओळखीचं विष शेजारी ठेवतो," मी म्हटलं. "हा डावीकडचा ठिपका त्याचा, मुद्दाम दिलेला. हा उजवीकडचा आपल्या दाण्यांचा. रंग तोच, उंची तीच."

आई खूप वेळ वाकून बघत राहिल्या. दोन निळे ठिपके, एका रांगेत. मला वाटलं आता म्हणतील, पटलं. त्यांनी विचारलं, "लहान लेकरानं खाल्लं तर?"

मी शिकवण्याच्या नादात होते. "लहानांना जास्त वाईट. पण लगेच काही होत नाही. पुष्कळ वर्षांनी कळतं. नाहीतर कधीच कळत नाही."

साडी हळूहळू खाली बसली. मी घाईनं मोठा दिवा लावला. आई जमिनीवर बसल्या होत्या, हात मांडीत, तोंडावर एक थेंब रक्त नाही.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मथुरा रोड ओलांडला तेव्हा म्हणाल्या, "मी ते टाकले नाहीत."

मला वाटलं त्यांनी खाल्ले.

"मी नाही खाल्ले," त्या म्हणाल्या. "अन्न टाकवत नाही गं. खालच्या बाईला दिले."

मग सगळं सांगितलं. चौकीदाराची बायको आणि लहान मुलगी त्या बंद घरात राहत होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीला कळू नये म्हणून तो सकाळी बाहेरून कुलूप घालून जायचा. आईंना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, खलबत्त्याला खालून कुणीतरी बत्त्यानं उत्तर दिलं तेव्हा. दिवसभर दोघी डक्टमधून बोलायच्या, ही मराठीत, ती तिच्या बुंदेलखंडी हिंदीत. कुणाला सांगणार नाही असं आईंनी कबूल केलं होतं, आणि मलाही सांगितलं नव्हतं. दाण्यांची पिशवी त्यांनी दोरीला बांधून खाली सोडली होती.

म्हणजे माझं नाक ठिकाणावर होतं. ह्याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तो हसरा माणूस आठवत होता, आणि त्या बैठकीतली वाटी. त्यांनी नाकारलेलं आमच्याकडे आलं. आम्ही नाकारलेलं आम्ही दोरीनं खाली सोडलं. देश खरंच मोठा होता, आमच्याही खाली एक मजला होता.

घरी पोचलो तेव्हा धुक्यात समोरची इमारत पुसली गेली होती. आई शाल न काढता स्वयंपाकघरात गेल्या आणि डक्टची खिडकी उघडली. मी त्यांच्या मागे उभी राहिले. खाली काहीच दिसत नव्हतं.

"ओ बहू!" आईंनी हाक मारली. त्यांची हिंदी अशीतशीच. "वो दाना मत खाना. बच्ची को मत देना."

पाइपातून पाणी ठिबकत होतं. मग काळोखातून आवाज आला, तरुण, हसरा. "वो तो कब का ख़तम हो गया माजी. बिटिया को बहुत भाया, रोज माँगती थी. और है क्या?"

"नहीं," आई म्हणाल्या. "वो अच्छा नहीं था. उसमें ज़हर... ख़राबी थी."

मी खिडकीची चौकट धरली. खालची बाई आता काय म्हणेल ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

"आपने तो नहीं खाया न माजी?" तो आवाज म्हणाला. "आपका तो लीवर पहले से कमज़ोर है."

मी त्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. काळजी होती, निव्वळ. आईंनी तोंडात पदर कोंबला आणि त्या ओट्याला धरून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी चौकीदाराला गाठलं, कुलूप काढायला लावलं आणि त्या मुलीला डॉक्टरांकडे नेलं. गुटगुटीत, काजळ घातलेली पोर. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मलाच हसले. मुलगी ठणठणीत आहे मॅडम, म्हणाले, आणि पुढचं कुणीच सांगू शकत नाही. दुकानातलं पोतं तोवर संपलं होतं. मी सोसायटीतल्या उरलेल्या घरांत जाऊन सांगितलं, अन्न तपासणाऱ्या सरकारी खात्याला तक्रार दिली. शेजारणी हसल्या, खात्यानं पोच दिली. उन्हाळ्यात खालच्या घराचा मालक राहायला आला आणि चौकीदाराचं बिऱ्हाड एका दिवसात हललं. कुठे गेलं, कुणाला पत्ता नव्हता.

आईंनी पुन्हा कूट केलं नाही. खलबत्ता माळ्यावर गेला. त्यांचं यकृत जपल्याचं मात्र सार्थक झालं, पुढे इतकी वर्षं धडधाकट राहिल्या की डॉक्टरांनाच नवल वाटायचं. द्वारकेतले दिवे वाढत गेले, मेट्रो आली, खिडक्या भरल्या. मीही निवृत्त झाले.

शेवटच्या आजारपणात, ज्याचा यकृताशी काही संबंध नव्हता, त्यांनी एका दुपारी मला जवळ बोलावलं. "त्या खालच्या पोरीचं वय आता किती असेल गं?"

मी मनात हिशेब केला. सांगितलं. "लग्न झालं असेल, आई. तिलाही मुलं असतील."

खिडकीबाहेरून एक विमान उतरत गेलं.

"म्हणजे अजून कळायचंच असेल," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.